टेबल तेच, स्क्रीन नवी

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर गेल्याची बातमी आली. मेलचा पत्ता जुनाच राहिला, पण पत्र उघडायची, फाईल जोडायची, जुनं पत्र शोधायची जागा बदलली. त्याच महिन्याच्या १४ तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला, तसंच ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणं थांबवलं. त्याआधी ऑगस्टमध्ये टपाल खात्याने देशभरातली कार्यालयं नव्या प्रणालीवर नेली होती. महाराष्ट्र सरकारचा १५० दिवसांचा ई-गव्हर्नन्स कार्यक्रम तेव्हा चालूच होता आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ई-ऑफिस या संगणकीय फाईल-प्रणालीवर फाईल चढवण्याची घाई उडाली होती. एका वर्षात एवढे बदल झाले, आणि ते सगळे एकाच माणसाच्या टेबलावर येऊन थांबले. कार्यालयात रोज संगणक उघडून बसणारा, साहेबांचं आणि लोकांचं, दोघांचंही ऐकून घेणारा तो माणूस.

हा माणूस मंत्रालयात आहे तसा गावातही आहे. मुंबई-गोवा महामार्गावर महाडच्या नातेखिंडीतून रायगडाकडे रस्ता वळतो आणि त्या रस्त्याला नाते गाव लागतं. पुढे पाचाड आणि मग किल्ला. गडावर जाणाऱ्या गाड्या इथून भरधाव निघून जातात. पण या पट्ट्यात, म्हणजे महाड तालुक्याचा हा भाग आणि पलीकडचा पोलादपूर मिळून, ग्रामपंचायती आहेत, तलाठ्यांचे सजे आहेत, शाखा डाकघरं आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. दिल्लीत ठरलेला बदल कागदावर यशस्वी झाला की प्रत्यक्षात, हे शेवटी इथे कळतं. म्हणून कार्यालयीन सॉफ्टवेअरचा हा लेख नात्याच्या रस्त्यावरून लिहायचा.

गडावरची कचेरी

कामकाजाची रीत वरून बदलणं या रस्त्याला नवं नाही. रायगडावरच्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथ पंडितांकडून करवून घेतला. त्यात हजाराहून अधिक शब्द होते. पिढ्यान्‌पिढ्या फारसी संज्ञांनी हिशेब लिहिणाऱ्या कारकुनांना नवी परिभाषा शिकावी लागली असणार. त्यांच्या हाताशी निदान एक कोश होता. कोणत्या जुन्या शब्दाच्या जागी कोणता नवा, हे लिहून दिलेलं होतं. बदलाबरोबर बदलाचं पुस्तकही द्यावं, ही समज तेव्हाच्या राज्यकर्त्यांना होती.

पुढे लिपी बदलली. महसुली दप्तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीत लिहिलं जाई. मोडी गेली, बाळबोध आली, आणि जुन्या नोंदी वाचू शकणारी माणसं दर पिढीला कमी होत गेली. आजही कुळाचा किंवा वहिवाटीचा जुना वाद निघाला की मोडी वाचक शोधत फिरावं लागतं. लिपी बदलली तेव्हा जुनं दप्तर नव्या लिपीत उतरवून घेतलं नाही, त्याचं मोल शेतकरी अजून मोजतोय. आज एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना जुन्या नोंदी मागे राहतात, तेव्हा हेच पुन्हा घडत असतं.

मग टंकयंत्र आलं. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचं टंकयंत्र बाजारात आणलं. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कामात मराठी वाढली, तसा देवनागरी टंकयंत्राचा खडखडाट तहसील कचेऱ्यांमध्ये आणि त्यांच्या आवारातल्या अर्जनविसांच्या टेबलांवर घुमू लागला. गोदरेजने २००९ मध्ये नव्या यंत्रांचं उत्पादन थांबवलं. म्हणजे एक यंत्र अर्ध्या शतकाहून जास्त टिकलं. एकदा टायपिंग शिकलेला माणूस त्याच बोटांनी निवृत्त होऊ शकत होता. आजच्या कर्मचाऱ्याला ती सोय नाही. त्याच्या तीस वर्षांच्या नोकरीत सहा-सात वेळा तरी सगळं नव्याने शिकायची वेळ येते.

नात्याचे चिंतामणराव

नाते गावाचा आणि कचेरीतल्या संगणकाचा संबंध कुणाला दूरचा वाटेल, पण तो आहे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी नाते इथे झाला. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिले, १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून देशाचे अर्थमंत्री आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे मंत्री, हे आपण शाळेपासून ऐकतो. आणखी एक गोष्ट कमी ठाऊक आहे. १९४५ ते १९६४ या काळात ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या या संस्थेत १९५६ साली एचईसी-२एम हे ब्रिटिश बनावटीचं यंत्र सुरू झालं. तो भारतातला पहिला डिजिटल संगणक मानला जातो. तोवर त्या संस्थेत माणसांच्या रांगा हातयंत्रांवर आकडेमोड करत. देशातला पहिला संगणक ज्या संस्थेत आला, तिच्या अध्यक्षपदी नात्याचा मुलगा होता.

त्या पहिल्या संगणकानंतर आपल्याकडे जे झालं, तेही पाहायला हवं. साठच्या दशकात कोलकात्यात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाला कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला. नोकऱ्या जातील ही भीती खरी होती. स्वयंचलनाच्या प्रश्नावर केंद्राने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आपले वि. म. दांडेकर होते. समितीचा अहवाल १९७२ साली आला, आणि संगणक आणायचा तर कामगारांवर काय परिणाम होईल हे आधी तपासा, असा त्याचा रोख होता. पुढे बँकांमध्ये यांत्रिकीकरण आलं ते रंगराजन समितीच्या शिफारशींनी आणि १९८३ व १९९३ च्या द्विपक्षीय करारांनी. कुठल्या शाखेत यंत्र येईल, त्यावर कोण बसेल, त्याला कोणता भत्ता मिळेल, हे संघटना आणि व्यवस्थापन समोरासमोर बसून ठरवत. त्याला वेळ लागला. अनेकांना ती दिरंगाई वाटली. पण यंत्रावर बसणाऱ्याला विचारल्याशिवाय यंत्र आणायचं नाही, हे तत्त्व त्या करारांत होतं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ते तत्त्व हरवलं. आता सकाळी संगणक उघडला की नवी स्क्रीन समोर असते. कुणी विचारलेलं नसतं, बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंही नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की बदल हवा, पण शिकण्याचा खर्च बदल आणणाऱ्याने उचलावा. आज तो खर्च टेबलावरचा माणूस स्वतःच्या संध्याकाळी, स्वतःच्या मोबाईल डेटावर आणि पुष्कळदा लोकांच्या शिव्या खाऊन भरतो.

वेलांटी आधी की नंतर?

हा खर्च किती बारीक असतो, हे पाहायचं तर मराठी टायपिंग पाहावं. देवनागरी टंकयंत्रावर ‘कि’ उमटवायचं तर आधी वेलांटीची कळ दाबायची, मग क. कागदावर वेलांटी डावीकडे येते म्हणून ती आधी. ‘कार्यालय’ मधला रफार मात्र य मारून झाल्यावर. कागदावर जे जसं दिसतं, तसं बोट चालायचं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या एकाच अक्षर-संकेतात, इन्स्क्रिप्ट कळफलक घेतला की सगळं उलटतं. आधी क, मग वेलांटी. आधी र, मग हलन्त, मग य. उच्चार जसा, तसा क्रम. शिवाय स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. नव्याने शिकणाऱ्याला हे सोपं आणि तर्कशुद्ध आहे. पण वीस वर्षं मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग राखणाऱ्या टंकलेखकाला पहिल्या आठवड्यात मिनिटाला आठ शब्द येतात. त्याची बोटं चुकतात आणि चारचौघांत त्याला ‘संगणक येत नाही’ असं ठरवलं जातं. त्याला सगळं येत असतं, फक्त क्रम बदललेला असतो.

युनिकोड रुळण्याआधीची बरीच वर्षं तर फाँटच्या गोंधळात गेली. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएम, प्रत्येक कार्यालयाचा फाँट वेगळा. या जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरंच असत, वर फक्त मराठी अक्षराचा चेहरा चढवलेला. त्यामुळे एका कचेरीने केलेला आदेश ई-मेलने दुसरीकडे गेला आणि तिथे तो फाँट नसला की स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. मग उपाय एकच. आदेश छापायचा, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायचा आणि चित्र म्हणून मेलला जोडायचा. गंमत वाटावी अशी ही रीत अजून सुटलेली नाही. युनिकोड येऊन एवढी वर्षं झाली तरी तालुक्याच्या मेलला स्कॅन केलेलं पानच येतं. त्यातलं एक नाव शोधायचं तर डोळ्यांनी शोधावं लागतं आणि एक आकडा उचलायचा तर पुन्हा टाईप करावा लागतो.

विंडोजमधला मंगल हा फाँट ज्यांनी रेखाटला, ते प्रा. र. कृ. जोशी मराठी होते. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम केलं. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलने एमएस-सीआयटीच्या रूपाने गावागावांत संगणक वर्ग पोचवले. म्हणजे मराठी माणसाजवळ साधनं होती, जाणकार होते, शिकवणारेही होते. तरीही जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायचं काम कुठल्याच कार्यालयाच्या वर्षाच्या आखणीत नव्हतं. जो तो आपापल्या टेबलापुरता कन्व्हर्टर शोधत बसला. आणि कन्व्हर्टरमधून काढलेल्या मजकुरात ‘दुसऱ्या’ मधला ऱ्या हमखास मोडतो, हे ज्याने एकदा पन्नास पानं तपासली आहेत त्याला विचारा.

सातबारा आणि पंधरा रुपये

बदलाने लोकांचं भलं झाल्याचं उदाहरण द्यायचं तर सातबारा द्यावा. महाड-पोलादपूरच्या घराघरातला एक माणूस मुंबईला. पूर्वी सातबाऱ्याचा उतारा हवा म्हणून त्याला रजा काढून गावी यावं लागे. आला तर तलाठी दुसऱ्या सजात, तलाठी भेटला तर दप्तर तालुक्याला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. पंधरा रुपये भरले की भांडुपच्या खोलीत बसून उतारा हातात, आणि तो कायदेशीर कामाला चालतो. ही सोय छोटी नाही. अनेक म्हाताऱ्या माणसांचे हेलपाटे तिने वाचवले.

पण तो उतारा स्क्रीनवर आला कसा? राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे. ते हस्तलिखितावरून संगणकात चढवायचे, मग हस्तलिखिताशी ताडून दुरुस्त करायचे. २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन झालं, लोकांसमोर उतारे वाचून चुका टिपल्या गेल्या. कोकणात हे काम फार किचकट. घाटावर एका गटाला दोन-चार खातेदार, तर इथे दहा गुंठ्यांच्या तुकड्यावर तीस-चाळीस सामाईक नावं. त्यातली निम्मी मुंबईला, काही वारलेली आणि वारस न लागलेली. कुठे नुसतं ‘रामा गोविंद’, आडनाव नाही. एक काना चुकला तरी पुढे आधारशी नाव जुळत नाही आणि पीक विम्याचे किंवा नुकसानभरपाईचे पैसे अडकतात. सर्व्हर दिवसा इतका संथ चाले की राज्यभर तलाठ्यांनी रात्री जागून नोंदी चढवल्या. त्यासाठी लॅपटॉप आणि नेटची सोय मिळावी म्हणून त्यांच्या संघटनेला आंदोलनं करावी लागली.

आज तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय. फेरफार ऑनलाइन धरला जातो, पंधरा दिवसांची नोटीस निघते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतात, आणि कोणत्या टप्प्यावर नोंद अडली ते अर्जदाराला दिसतं. पारदर्शकता आली. या पारदर्शकतेचं श्रेय भाषणांत सर्व्हरला आणि योजनेच्या नावाला मिळतं. ते रात्री जागलेल्या माणसांनाही द्यायला हवं.

सरपंचबाईंचं डोंगल

ग्रामपंचायतीत बदलांचा वेग याहूनही जास्त आहे. नियमाप्रमाणे ग्रामपंचायतीचे १ ते ३३ नमुने. घरपट्टीची आकारणी नमुना ८ ला, बाकीचा हिशेब इतर नमुन्यांत. हे सगळं पूर्वी जाड वह्यांत होतं. २०११ नंतर संग्राम प्रकल्प आला, गावागावांत संगणक परिचालक बसले. २०१६ पासून त्याच जागी आपले सरकार सेवा केंद्र आलं. हिशेबाला आधी प्रियासॉफ्ट, आराखड्याला प्लॅनप्लस. ती दोन्ही हाताला बसतात न बसतात तोच २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज सुरू झालं आणि जुनी पोर्टलं त्यात विलीन झाली. तेव्हा कोरोनाची टाळेबंदी चालू होती. प्रशिक्षण द्यायचं तर माणसं एकत्र बसवता येत नव्हती. जे शिकले ते व्हिडिओ बघून आणि शेजारच्या गावच्या परिचालकाला फोन करून.

आता वित्त आयोगाच्या निधीतून ठेकेदाराला पैसे द्यायचे, तर ते कसे जातात पाहा. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, ई-ग्रामस्वराजवर व्हाउचर तयार करतात. त्यांची डिजिटल स्वाक्षरी पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते. ते लावायचं, पिन टाकायची, सही करायची. मग सरपंचांचं डोंगल लावायचं, त्यांची पिन, त्यांची सही. तेव्हाच व्यवहार पीएफएमएस या केंद्राच्या देयक प्रणालीकडे जातो. दोघांपैकी एकाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली, निवडणुकीनंतर सरपंच बदलले आणि नव्या सहीची नोंदणी व्हायची आहे, संगणक अपडेट झाला आणि डोंगलचा ड्रायव्हर चालेनासा झाला, यांतलं काहीही झालं की नळयोजनेच्या दुरुस्तीचं बिल थांबतं. गावाला वाटतं पंचायत पैसे खाऊन बसली.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगायला हवी. महाराष्ट्रात सरपंचपदाच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सरपंचबाईंच्या नावाचं डोंगल आणि त्याची पिन दुसऱ्याच कुणाच्या खिशात असेल, तर त्या सहीला अर्थ राहत नाही. कागदावर अंगठा घेणं आपण चुकीचं मानतो. दुसऱ्याच्या हातातलं डोंगल म्हणजे नवा अंगठाच आहे. म्हणून डोंगल कसं लावायचं, व्हाउचरवर काय वाचायचं आणि मगच पिन कशी टाकायची, हे सरपंचबाईंना एक दुपार बसून शिकवणं हे लोकशाहीचं काम आहे. ते तांत्रिक बाब म्हणून परिचालकावर सोडू नये.

आणि तो परिचालक? दाखले काढणं, नमुने भरणं, अपडेट उतरवणं, सगळ्यांना शिकवणं, हे सगळं तो तुटपुंज्या मानधनावर करतो. मानधनही महिनोन्‌महिने थकतं. या परिचालकांनी आझाद मैदानावर आणि नागपूर अधिवेशनावर मोर्चे नेले. गावातला पहिला संगणक शिक्षक असलेला हा माणूस अजून कुठल्याच आस्थापनेवर धड नाही.

मेल कुणाचा, ओटीपी कुणाला

ई-मेलचं दुखणं वेगळंच आहे. लहान कार्यालयांनी फार वर्षं फुकटची खाती वापरली. जो कारकून तेव्हा जागेवर होता, त्याने स्वतःचा मोबाईल क्रमांक देऊन खातं उघडलं. त्याची बदली झाली. एके दिवशी नव्या संगणकावर मेल उघडायला गेलं की पडताळणीचा ओटीपी श्रीवर्धनला गेलेल्या त्या जुन्या कारकुनाच्या फोनवर जातो. तो उचलेपर्यंत जिल्ह्याची मुदत टळलेली असते. म्हणून कार्यालयाचा मेल पदाच्या नावाने, सरकारी पत्त्यावर आणि बदलीच्या कार्यभार यादीत लिहिलेला असावा. कपाटाच्या किल्ल्या आपण सही घेऊन हस्तांतरित करतो. मेलचा पासवर्ड, त्याला जोडलेला मोबाईल क्रमांक, डोंगल, पोर्टलांचे लॉगिन, हे सगळं त्याच यादीत यायला हवं.

केंद्राच्या मेलला गेली काही वर्षं कवच नावाचं दुहेरी पडताळणीचं ॲप सक्तीचं होतं. त्याच नावाची बनावट ॲप पसरवून सरकारी कर्मचाऱ्यांचे संगणक पोखरण्याचे प्रकार उघड झाले. हेरगिरी करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की बदलाच्या काळात माणूस गोंधळलेला असतो आणि ‘तुमचं खातं नव्या यंत्रणेवर नेण्यासाठी इथे दाबा’ असा मेल आला की तो दाबतो. म्हणून मेलची यंत्रणा बदलताना खरा निरोप कोणत्या पत्त्यावरून येईल, हे आधीच छापील पत्राने कळवणं, ही सुरक्षेची पहिली पायरी आहे.

हा गुंता नको म्हणून कार्यालयं व्हॉट्सॲपवर गेली. आज तालुक्याचा आदेश ग्रुपवर पीडीएफ म्हणून पडतो आणि दुपारी चारला ‘माहिती आजच पाठवा’ असा निरोप येतो. काम भराभर होतं, हे खरं. पण फोन हरवला, ग्रुप बदलला, की आदेश गेला. आवक-जावक नोंदवहीत त्याचा क्रमांक नाही. पाच वर्षांनी लेखापरीक्षक विचारेल तेव्हा दाखवायला काही नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचंही असंच. सरल, यू-डायस प्लस, शालार्थ, पोषण आहाराचं ॲप, प्रत्येकाचा पासवर्ड निराळा आणि तेच पटाचे आकडे पुन्हा पुन्हा भरायचे. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधल्या गुरुजींना रेंजसाठी खिंडीपर्यंत चालत यावं लागतं, आणि तेवढा वेळ वर्ग थांबतो.

महाड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची कार्यालयंही या बदलांतून सुटलेली नाहीत. जीएसटी आला, मग १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल, २०२० पासून टप्प्याटप्प्याने ई-इन्व्हॉइस, त्याच वर्षी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची प्राइम आवृत्ती आणि तिच्यासोबत बदललेला मेनू. फरक एवढाच की मोठ्या कारखान्यात सल्लागार येऊन आठवडाभर शिकवतो. बिरवाडीतल्या छोट्या वाहतूकदाराकडे हिशेब ठेवणारी मुलगी यूट्यूबवर शिकते.

पाऊस आणि सर्व्हर

या भागाचा पाऊस लक्षात न घेता इथली कुठलीच प्रणाली आखू नये. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड शहर बुडालं. दुकानं, बँका, कार्यालयं यांचे तळमजले पाण्याखाली गेले. त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. वीज नव्हती, मोबाईलची रेंज नव्हती, रस्ते तुटले होते. बाहेरची मदत गावात पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

त्या पुराने दोन धडे दिले. ज्यांचं दप्तर फक्त कागदावर होतं, त्यांचे कागद चिखलात गेले. संगणकाच्या सर्व्हरवर चढलेल्या नोंदी वाचल्या. मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीनंतर राज्याला हाच धडा मिळाला होता, ई-ऑफिसचा आग्रह त्यानंतरच वाढला. आणि दुसरा धडा असा की ऐन संकटात त्याच सर्व्हरपर्यंत पोचायची वाट बंद होती. गावात किती घरं, कोणत्या घरात किती माणसं, कोण मुंबईला, हे त्या रात्री ऑनलाइन पाहता येत नव्हतं. म्हणून या तालुक्यांत प्रत्येक ग्रामपंचायतीकडे दर जूनला कुटुंबांची, पशुधनाची आणि संपर्काची ताजी छापील यादी असलीच पाहिजे. नेट नसताना भरता येईल आणि रेंज आली की आपोआप चढेल, अशी सोय प्रत्येक शासकीय ॲपला असली पाहिजे. सह्याद्रीच्या या बाजूला ही चैन मानता येणार नाही.

टपालाने काय केलं

टीका खूप झाली, आता ज्यांनी बरं केलं त्यांच्याकडे पाहू. टपाल खात्याने आपली नवी प्रणाली म्हैसूरच्या स्वतःच्या केंद्रात घडवली. आधी कर्नाटकात चालवून पाहिली, मग मंडळामागून मंडळ करत ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत देशभर नेली. बदलाच्या आधी एक दिवस व्यवहार बंद ठेवून तसं लोकांना कळवलं. आणि ४ लाख ६० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना साखळी पद्धतीने शिकवलं. आधी प्रमुख प्रशिक्षक, मग प्रत्येक विभागातले जाणकार सहकारी, मग सगळे. सुरुवातीचे दिवस यंत्रणा रखडली, काउंटरवर रांगा लागल्या, तक्रारी आल्या. तरी ग्रामीण डाकसेवकाला कुणाला फोन करायचा हे माहीत होतं, आणि तो फोन त्याच्याच खात्यातल्या, त्याचं काम जाणणाऱ्या माणसाला जात होता. या एका गोष्टीने अर्धं काम होतं.

झोहो कंपनीचंही एक सांगण्यासारखं आहे. तमिळनाडूतल्या तेनकाशी या ग्रामीण भागात तिने २०११ पासून कार्यालय चालवलं आणि तिथल्या मुलांना घेऊन सॉफ्टवेअर घडवलं. बारा लाख कर्मचारी ज्या कंपनीचं मेल उघडतात, तिचं काही काम अशा खेड्यात होतं. आपल्या कोकणातल्या खेड्यांनी फक्त वापरायचं, घडवायचं दुसऱ्यांनी, असं का असावं? महाडहून पुणं काही तासांवर आहे, आणि पुण्यात सॉफ्टवेअर लिहिणारी हजारो मराठी मुलं आहेत. त्यांतली कितीतरी याच तालुक्यांतली.

म्हणून मागण्या साध्या आहेत. नवी प्रणाली आणायच्या आधी कामाच्या वेळेत, पगारी, प्रशिक्षणाचा दिवस द्या. मराठीतली दोन पानांची मदतपत्रिका द्या, ज्यात जुनं बटण कुठे होतं आणि नवं कुठे आहे हे चित्रासह असेल. जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणून दिल्याशिवाय जुनी बंद करू नका. तालुक्याला एक माणूस नेमा, ज्याचं काम फक्त फोन उचलून उत्तर देणं हे असेल, आणि त्याला पुरेसा पगार द्या. यातल्या एकाही मागणीला अब्जावधींचा खर्च नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मराठी मुलामुलींना एक विनंती. पुढचं पोर्टल बनवण्याआधी जुलैतला एक दिवस नाते-पोलादपूरच्या एखाद्या ग्रामपंचायतीत, परिचालकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. काही सांगू नका, फक्त पाहा, तो किती वेळा तीच माहिती भरतो आणि कुठे अडतो. आणि वाचकहो, पुढच्या वेळी काउंटरपलीकडचा माणूस ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणाला, तर आवाज त्याच्यावर चढवू नका. तक्रार लेखी करा आणि जिथे सर्व्हर आहे तिथे पाठवा.